मामांच्या चिल्लरचा पंचनामा

५ जानेवारी २०२५

माल ताब्यात आला. डालड्याचे दोन डबे, कंडक्टरचं चामडी पाकीट आणि मामींचा लाल बटवा. मामा एसटीत होते. काटोल, उमरेड, रामटेक या रस्त्यांवर हयात गेली. तिकिटाच्या पैशात काही वेगळं नाणं दिसलं की स्वतःच्या खिशातलं तेवढंच नाणं पाकिटात टाकायचे आणि ते वेगळं घरी आणायचे. डब्यात पुष्कळ वर्षांची चिल्लर साचली आहे. मामींना आता ती मार्गी लावायची आहे. मामेभावाच्या पोराने मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून घरात जाहीर केलंय की यातून गाडी निघते.

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये पंच (पट्टीतून तुकडा तोडणारं हत्यार) आणि डाय (ठसा उमटवणारा कोरीव पोलादी साचा) बनवत निवृत्त झालो. नाणं म्हणजे प्रेसवरून निघालेला जॉबच. जॉब खराब निघाला की आम्ही आधी विचारायचो, कुठल्या स्टेशनवर बिघडला? स्ट्रिपमध्ये म्हणजे पट्टीतच, ब्लँकिंगला म्हणजे चकती तोडताना, की शेवटच्या ठोक्याला? इथेही तेच विचारणार.

रजिस्टर आखलं. नाणं, वर्ष, खूण, वजन, व्यास, चुंबक. शेवटच्या रकान्यावर पोरगा म्हणाला, ‘काका, किंमत लिहा ना.’ मी लिहिलं, ‘कुठे घडलं’. हा रकाना भरता आला नाही तर किमतीचा प्रश्नच येत नाही.

साहित्य: एक शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर, दहापट भिंग, दोऱ्याला बांधलेला चुंबक, टेबललॅम्प, खाली मऊ टॉवेल. नाणं धरायचं ते कडेला, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. आणि काहीही घासायचं नाही. ना चिंच, ना पीतांबरी, ना टूथपेस्ट.

हे ऐकून मामी गप्प झाल्या. तांब्याचे पैसे मागच्या दिवाळीत चिंचेने लखलखीत केलेले निघाले. जुन्या तांब्यावर चढलेला तपकिरी थर म्हणजे त्याचं वय. तो गेला की खाली गुलाबी, ओरखडलेला धातू उरतो आणि संग्राहक त्याला हात लावत नाही. घासलेले सगळे वेगळ्या पुडीत ठेवले. मामींना म्हटलं, ‘देवघरात ठेवा, छान दिसतात.’ खरंच छान दिसतात.

८ जानेवारी

आधी टांकसाळी वेगळ्या केल्या. वर्षाच्या आकड्याखाली चौकट हिरा असेल तर मुंबई. पाच टोकांचा तारा, हैदराबाद. गोल ठिपका, नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. नोएडा १९८८ पासूनची, म्हणून त्याआधीच्या नाण्यावर तो गोल ठिपका दिसला की भिंग जरा जास्त वेळ धरायचं.

पोराच्या व्हिडिओत ‘बिना खुणेचं नाणं, दुर्मीळ चूक’ असं सांगितलेलं. कोलकात्याने बहुतेक सगळी बिना खुणेचीच नाणी पाडली. कोट्यवधी. डब्यातला मोठा हिस्सा त्याच हिशेबाने दुर्मीळ ठरेल.

परदेशी खुणांचीही एक छोटी ढिगली निघाली. आपल्या टांकसाळी पुऱ्या पडत नव्हत्या तेव्हा सरकारने बाहेरून नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर आकड्याखाली इंग्रजी ‘एच’ असेल तर तो बर्मिंगहॅमचा. नव्वदीच्या उत्तरार्धात ‘एम’वर बारीक वर्तुळ असलेली मेक्सिकोची नाणी आली, ‘एमके’ खुणेची स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाची, आणि तीन रशियन अक्षरांची मॉस्कोची. मामांनी ही सगळी वेगळ्या कागदात बांधून ठेवली होती. कागदावर पेन्सिलीत फक्त ‘बाहेरचे’. त्यांना कुणी सांगितलं असेल देव जाणे. यात चूक कसलीच नाही, हे रीतसर प्रकार आहेत. संग्रहात मात्र हवेतच.

१२ जानेवारी

आज पोराला नाणं कसं होतं ते समजावलं. मुख्य काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

धातूची पट्टी प्रेसखाली सरकते. पंच खाली येतो, गोल चकती तोडतो. हीच ब्लँक. ती भट्टीत तापवून मऊ करतात, तेजाबात धुऊन साफ करतात. दुसऱ्या यंत्रात तिची कड दाबून थोडी उचलतात, म्हणजे पुढे किनारा नीट भरतो. मग शेवटचा ठोका. खाली एक डाय, वर एक डाय, आणि भोवती पोलादी कडं, त्याला कॉलर म्हणतात. ठोका बसला की धातू बाहेर पळायला बघतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं गोल राहतं आणि कडेवरच्या रेघा उमटतात.

आता बिघाड या क्रमाने लावायचे.

पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो. पोळीवर वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकात गेली तर चंद्रकोर खाल्लेली पुरी निघते, तसंच. या नाण्याला बाजारात ‘कट’ म्हणतात. डब्यात असे पंचवीस पैसे निघाले, गेंड्याचे, पोलादी. एका बाजूला स्वच्छ कमानदार घास. पण घास तर कानशीने पण घेता येतो. खरा ओळखायचा तो समोरच्या बाजूने. कड उचलणारं यंत्र चकतीला दोन्हीकडून दाबतं. एका बाजूला धातूच नसेल तर बरोबर समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही, आणि तिथला किनारा फिका, दबलेला राहतो. शिवाय घासाजवळची अक्षरं त्या पोकळीकडे ओढल्यासारखी ताणलेली दिसतात, कारण ठोक्याच्या वेळी धातू तिकडे वाहतो. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर सरळ मध्येच तुटतं आणि समोरचा किनारा ठणठणीत असतो. मामांच्या गेंड्याचा समोरचा किनारा फिका आहे. रकाना भरला: ब्लँकिंग.

चकती कॉलरमध्ये नीट बसलीच नाही आणि ठोका पडला, तर चित्र एका कडेला सरकतं, उरलेल्या भागात कोरा धातू. हे ऑफ सेंटर. थोडं सरकलेलं असेल तर कुणी विचारत नाही. निम्मं सरकलेलं आणि तरी वर्षाचा आकडा पूर्ण दिसणारं असेल तर संग्राहक खुर्ची ओढून बसतो. कॉलरच वर आली नाही तर चित्र मधोमध, पण नाणं पसरून मोठं होतं, किनारा आणि कडेच्या रेघा गायब. हे व्हर्निअर लावल्याशिवाय कळत नाही. पोराने असे दोन रुपये ‘गुळगुळीत’ म्हणून बाजूला टाकले होते. एकाचा व्यास नेहमीपेक्षा जास्त भरला. दुसरा खरोखरच गुळगुळीत होता.

ब्रोकेज मला सगळ्यात आवडतं. आधीचं नाणं वरच्या डायला चिकटून राहतं, आणि पुढच्या चकतीवर डायऐवजी ते चिकटलेलं नाणंच उमटतं. परिणामी एका बाजूला सिंह सरळ आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे, खोलगट. लबाडी करणारे दोन नाणी व्हाइसमध्ये आवळून असला ठसा उमटवतात. त्यात खोलगट ठसा तर येतो, पण त्याच बाजूचं मूळ चित्र खाली दबून शिल्लक राहतं, आणि पलीकडची बाजू चपटी होते. खऱ्या ब्रोकेजमध्ये त्या बाजूला दुसरं काहीच नसतं. आमच्या डब्यात एकही नाही. पोराने निराश होऊन पुन्हा सगळं चाळलं.

एक सोपा नियम त्याला पाठ करायला लावला. उठावाची रेघ डायने दिली, खोल रेघ जगाने दिली. डायला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उठलेली शीर दिसते. ओरखडा नेहमी आत जातो. याला अपवाद आहेत, पण डबाभर चिल्लर निवडायला तेवढं पुरतं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ, आणि बोटं चिकट. नाण्यांना सुट्टी.

१९ जानेवारी

दुहेरी अक्षरांचा दिवस. पोराने भिंगाखाली ‘भारत’ दुहेरी दिसणारी बरीच नाणी काढली आणि त्याचा चेहरा उजळला. वाईट वाटलं, पण सांगावंच लागलं.

दुहेरी दिसणं दोन तऱ्हेचं. डाय तयार होतानाच तिच्यावर ठसा दोनदा, किंचित सरकून बसला, तर त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर अक्षरं दुहेरी येतात. दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव, टोकाशी फाटा फुटल्यासारखी. हे खरं. दुसऱ्या तऱ्हेत डाय नीट असते, पण ठोक्यानंतर सुटताना हलते आणि अक्षराची कड घसपटते. मग अक्षराशेजारी एक चपटी पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढं बारीक होतं. प्रेसची ढिलाई. टूलरूममध्ये अशा जॉबला आम्ही शिवी देऊन पुढे जायचो. पोराची सगळी नाणी दुसऱ्या तऱ्हेची.

अक्षर अर्धवट किंवा गायब असेल तर बहुतेक वेळा डायच्या खाचेत वंगण आणि कचरा अडकलेला असतो. तेही किरकोळ.

मग डाय फिरलेली नाणी. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाणं वरखाली धरून उभ्या अक्षावर फिरवलं तर मागचं चित्रही सरळ दिसतं. अमेरिकेच्या नाण्यांत ते उलटं दिसतं, तिथे तीच रीत आहे. आपल्या नाण्यात मागचं चित्र तिरकं आलं तर डाय सैल होऊन फिरली. चार-पाच अंशांचा फरक सगळीकडे असतो, तो सोडून द्यायचा. पूर्ण उलटं असेल तर मजा. पन्नास पैशांचं एक नाणं, संसद भवनाचं, जवळजवळ काटकोनात फिरलेलं निघालं. मामांनी त्याच्या कडेला शाईचा ठिपका दिला होता. म्हणजे चालत्या गाडीत, गर्दीत, त्यांना ते दिसलं होतं.

२० जानेवारी

दोन रुपयांचं एक नाणं चुंबकाला चिकटलं. यावर वेगळं बसायला हवं. सध्या पाकिटात.

२६ जानेवारी

मामींचा बटवा. चांदीचे रुपये.

सगळ्यात वर १९४७ चा, वाघाचा. मामी म्हणाल्या, ‘हा माझ्या सासूबाईंचा, चांदीचा आहे बाप्पा.’ चुंबक लावला, टक्कन चिकटला. १९४७ चे रुपये निकेलचे, आणि निकेल चुंबकाकडे ओढलं जातं. मामींनी चुंबकाकडे असं पाहिलं की मी तो खिशात घातला. नाणं खरं आहे, चांदी नाही, एवढंच. ब्रिटिश राजाचं डोकं असलेला शेवटचा रुपया तो.

बाकीचे व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. वजन सगळ्यांचं मुळात एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० च्या आधीच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली, १९४० ते १९४५ च्या रुपयांत ५० टक्केच. दिसायला भाऊभाऊ. म्हणून पाण्याची परीक्षा केली.

काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत सोडला, तळाला टेकू न देता. काटा जेवढं दाखवतो तेवढं पाणी नाण्याने सारलं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता. जुन्या चांदीला साधारण १०.३ यायला हवी, निम्म्या चांदीला ९.५ च्या आसपास, पितळेला साडेआठ. पूर्ण वजनाच्या जुन्या रुपयाने १.१३ ग्रॅम पाणी सारलं पाहिजे, पितळी नकलेने जवळपास १.३७. फरक डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून आधी ओल्या बोटाने हलकेच पुसायचं. पोराला हा खेळ इतका आवडला की त्याने मामींची जोडवीसुद्धा तोलली.

बटव्यातला एक एडवर्डचा रुपया घनतेत नापास झाला. कडेला भिंग लावलं तर रेघांमध्ये एक बारीक शिवण, वर्तुळभर. साच्यात ओतलेला. मामींनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. रजिस्टरमध्ये आहे.

व्हिक्टोरियाचे दोन प्रकार: १८७६ पर्यंत ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’, कारण त्या वर्षी ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. आमच्याकडे एक १८६२ चा आहे. हे साल फसवं. १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ च छापत राहिले, आणि मुंबईच्या रुपयांचं खरं वर्ष आकड्याच्या वर-खाली असलेल्या बारीक ठिपक्यांवरून काढतात. हे ठिपके झिजलेल्या नाण्यावर मोजताना डोळ्यांत पाणी आलं. मोजणं उद्यावर.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया नाही. असता तर पोराला ती गोष्ट सांगायला मिळाली असती. राजाच्या झग्यावरच्या माळेतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, आरडाओरड झाली, नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट लांब केली. डायच्या कारागिराने सोंड आखूड कोरली आणि सरकार हललं. आमच्या धंद्याला एवढा मान क्वचित मिळतो.

१ फेब्रुवारी

इतवारी, सराफा ओळ. भाव विचारायला नाही, चांदीबद्दल दुसरं मत घ्यायला. सराफकाकांनी रुपया अंगठ्याच्या नखावर तोलून वर उडवला, संगमरवरावर पडू दिला आणि कान लावला. माझा काटा, पेला, दोरा यांना जे लागलं ते त्यांनी एका आवाजात सांगितलं. तो ओतलेला एडवर्ड तर पडायच्या आधीच बाजूला केला.

‘विकता का?’

‘नाही, फक्त पाहतोय.’

‘मग कोणाले सांगू नका किती आहे ते. अन् आमच्याकडं गाळायचाच भाव भेटते. वर्ष-बिर्ष आम्ही पाहत नाही.’

सरळ माणूस. संग्राहकाकडे जास्त मिळू शकतं ते वर्षामुळे आणि अवस्थेमुळे. सराफाला त्याचं घेणंदेणं नाही. चालू नाणी मात्र वितळवायची नसतात, २०११ च्या नाणे कायद्याने ते बेकायदेशीर आहे. पोराने विचारलं म्हणून इथे लिहून ठेवलं. पितळेच्या पाच रुपयांवर त्याचा डोळा होता.

८ फेब्रुवारी

बटव्याच्या तळाशी तांब्याचे जाड, वेडेवाकडे तुकडे आणि एक ओबडधोबड चांदीचा. वर फारसी. पोराने रजिस्टरमध्ये स्वतःच लिहून टाकलं: ‘ऑफ सेंटर, दोन्ही बाजू.’

खोडलं. ही हाताने ठोकलेली नाणी. डाय मोठी, चकती लहान, कारागीर चकती ठेवतो आणि हातोडा मारतो. मजकुराचा जेवढा तुकडा चकतीवर येईल तेवढा येतो. जिथे कॉलर नाही, तिथे ‘सरकलं’ या शब्दाला अर्थ नाही. चूक ही कल्पनाच यंत्रासोबत आली.

चांदीचा तुकडा मोमिनपुऱ्यातल्या एका वयस्कर उर्दू शिक्षकांना दाखवला. त्यांनी एका बाजूला ‘जुलूस’ वाचलं. मुघल रुपयांवर मागे ‘सन जुलूस मैमनत मानूस’ असा मजकूर असतो, राज्यारोहणाचं वर्ष सांगणारा, आणि मराठ्यांच्या टांकसाळीही हाच साचा चालवत. नाव एकाचं, राज्य दुसऱ्याचं. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केलं. त्याच्या आधी इथेही टांकसाळ चालत होती. हा तुकडा इथलाच असं म्हणायला मात्र टांकसाळीचं नाव चकतीवर यायला हवं होतं, आणि ते बाहेर राहिलंय. पोराला हे अन्यायकारक वाटलं.

त्याला तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली. १९३९ मध्ये आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. प्रत्येक नाण्यावर नावाचा एखादा तुकडा. आपल्या नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी त्यांचा अभ्यास करून राजांची नावं वाचली, आणि त्यात पुराणांच्या यादीत नसलेलीही निघाली. एका नाण्यावरचा अर्धा शब्द, दुसऱ्यावरचा उरलेला. पोरगा म्हणाला, ‘म्हणजे आपल्याला अजून अशी नाणी पाहिजेत.’ बरोबर आहे, पण जमिनीतून काही निघालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. हे ऐकून त्याने परदेशातल्या लिलावाचं पान बंद केलं.

अजब बंगल्यातही जाऊन आलो. १८६३ चं संग्रहालय, लहानपणी फक्त जनावरं पाहायला जायचो.

९ फेब्रुवारी

मामींकडे रामदरबाराचं एक पिवळं नाणं होतं. रामटेकच्या जत्रेत कुणीतरी ‘लाखाचं’ म्हणून दिलेलं. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८’ आणि ‘यूकेएल’ अशी अक्षरं. सगळीकडे हिंडणारं हे खेळणं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. एक आण्याचं नाणं तर आलं तेच सातव्या एडवर्डच्या काळात, १९०७ पासून, कुप्रोनिकेलचं (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं), नागमोडी कडेचं. १८१८ साली ते असणार कुठून? असल्याच नाण्यांना तांदूळ ओढतात म्हणून विकणारेही आहेत. मामींनी डब्यातून चार दाणे काढून समोर ठेवले. दाणे हलले नाहीत. ‘बरं झालं,’ म्हणाल्या, ‘नाहीतर डबाच ओढला असता.’

१५ फेब्रुवारी

दोन रुपयांचं ते नाणं.

नव्वदीतलं, नकाशावर झेंडा, ‘राष्ट्रीय एकता’. हे नाणं कुप्रोनिकेलचं असायला हवं, ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर, अकरा कोनांचं. कुप्रोनिकेल चुंबकाला चिकटत नाही. हे चिकटतं. पोलादाचे दोन रुपये २००५ पासूनचे, आणि त्यांचं चित्र वेगळं.

वजन ४.८३. हा आकडा पाहून मी चहा बाजूला ठेवला. त्याच काळातला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. म्हणजे रुपयाची चकती दोन रुपयांच्या प्रेसमध्ये गेली असावी.

‘असावी’ पुरेसं नाही. खोटं नाणं पोलादाचं असू शकतं. म्हणून कड पाहिली. चकती २५ ची, कॉलर २६ ची आणि कोनदार. ठोका पडल्यावर धातू बाहेर पसरेल, पण अकराही कोपऱ्यांपर्यंत पोचणार नाही. नेमकं तसंच दिसतं. काही कोपरे जेमतेम सुचवलेले, काही गोलच. एका बाजूला कड कॉलरला टेकलेली, तिथे सपाट, समोर मोकळी. किनारा जवळपास नाहीच. आणि मधलं चित्र, नकाशा, झेंड्याच्या घड्या, धारदार. ओतीव नाण्यात सगळं सारखं मऊ असतं. नकली डायने पाडलेलं असतं तर करणाऱ्याने अकरा कोपरे आधी नीट केले असते, तेच गिऱ्हाईक पाहतं. कोपरे चुकवून वजन अचूक रुपयाचं ठेवणारा नकलाकार मला पटत नाही.

सिंहांच्या पायाखालचं ‘सत्यमेव जयते’ फिकं आहे. पोलाद कुप्रोनिकेलपेक्षा कडक, आणि प्रेसचा दाब दोन रुपयांसाठी लावलेला. हेही जुळतं.

रकाना भरला: चकती चुकीच्या प्रेसमध्ये. ब्लँकिंगनंतर, ठोक्याआधी.

पोराने विचारलं, ‘काका, गाडी?’ गाडी नाही. पण या अख्ख्या मालात परीक्षणासाठी पैसे खर्चून पाठवावं असं हे एकच आहे.

२० फेब्रुवारी

अखेर किमतीचा विषय.

पोराने संकेतस्थळांवरचे आकडे लिहून आणले. त्यांतले बहुतेक आकडे विकणाऱ्याने मागितलेले आहेत. मागायला काय, माझी जुनी लूनाही मी लाखाला मागू शकतो. बघायचं ते लिलावात हातोडा किती रकमेवर पडला ते, तेही त्याच वर्षाच्या, त्याच खुणेच्या, त्याच अवस्थेच्या नाण्याचं. अवस्था ठरते चित्राच्या सगळ्यात उंच ठिकाणांवरून: राणीच्या गालावर, मुकुटावर, सिंहाच्या आयाळीवर झीज किती. चलनात फिरलेलं आणि टांकसाळीची झळाळी टिकलेलं, या दोघांच्या भावात जमीन-अस्मान. मामांची नाणी फिरलेलीच आहेत. कंडक्टरकडे दुसरी येणार कुठून?

वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं, ७८६ ची नोट यांतून मोठा पैसा मिळतो, हे खूळ त्याने अजून सोडलेलं नाही. दोन दिवसांपूर्वी त्याला एकाचा निरोप आला: तुमचं नाणं आम्ही घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा. सोबत रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात ती नाही आणि शुल्कही घेत नाही. संविधान चौकातून रोज जातो आपण, बँकेची इमारत समोरच. त्याला म्हटलं, शंका असेल तर जाऊन विचार. त्याने निरोप पुसला.

चार आण्यांचा मोठा ढीग मात्र नुसता धातू आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. कट असलेला गेंडा सोडून.

२ मार्च

बांधाबांध. मामांनी काही नाणी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवली होती, ती हिरवट आणि चिकट झालीयेत. असल्या पिशव्यांतून आम्ल सुटतं. अशी नाणी ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, नुसती सुकू दिली. हे घासण्यात धरत नाहीत, धातूला ते लागत नाही. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. आता प्रत्येक नाणं पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्याआधी त्या बदलायच्या, पोराच्या नावावर काम लावलंय.

वाटणी मामींनी केली. चांदी सुनेला. ओतलेला एडवर्ड स्वतःकडे, कारण तो सासऱ्यांनी दिला होता आणि त्यांना तो खराच वाटत होता. ‘बाहेरचे’ आणि चुकांची पेटी पोराला, अट एकच, रजिस्टर पुढे चालू ठेवायचं. काटकोनात फिरलेले पन्नास पैसे मी मागून घेतले.

दोन रुपये परीक्षणाला पाठवायचे की नाही यावर मामी म्हणाल्या, ‘जाऊ दे, पण पोस्टानं नको. कोणी हातानं नेत असेल तर नेऊ दे.’ भाचीचा नवरा एप्रिलमध्ये मुंबईला जातोय, त्याच्याकडे देऊ. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचे काढून ठेवले, वजन काट्यासकट.

पाच रुपयांची पिशवी अजून उघडलेली नाही. वजनदार आहे.